मी चढवलेला गंज

यंदाही भादव्यात पाऊस उघडला आणि फाटकाची कडी काढताना बोटं तांबडी झाली. दर साली होतात. सून म्हणते, "बाबा, एकदाचा कायमचा रंग मारून घेऊ." कायमचा म्हणे! लोखंडाला कायमचा रंग लावणारा अजून जन्माला यायचाय. मी नळाखाली हात धरला आणि बराच वेळ चोळत बसलो. रंग जातो, वास जात नाही. ओल्या लोखंडाचा तो वास, जिभेवर पैसा ठेवल्यासारखा, भादव्याच्या उन्हात जास्तच उठतो.

लोकांना भादवा म्हटलं की गणपती आठवतात, मुगाच्या शेंगा आठवतात, पोळा झाल्यावर गोठ्यात टांगून ठेवलेल्या झुली आठवतात. मला एक मोटार आठवते. किन्हीराजाच्या अलीकडच्या नाल्यात एका अंगावर पडलेली, हिरव्या रंगाची, एक चाक आभाळाकडे. साठ वर्षं होत आली. माणसं विसरलो, विद्यार्थ्यांची नावं विसरलो, बायकोचा आवाजसुद्धा आता नीट आठवत नाही. ती मोटार मात्र खिळ्यासकट आठवते. आठवणारच. तशी पडलेली मी ती दोनदा पाहिली आहे, एकदा नाल्यात आणि एकदा माझ्याच हातानं केलेली.

गेल्या आठवड्यात दादाची नात आली होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो जाऊन बरीच वर्षं झाली. ही रेवती पुण्याला नोकरी करते आणि उरलेल्या वेळात लहान लहान मोटारी करते. खेळण्यातल्या नव्हेत. खऱ्या गाडीचं माप घेऊन ते बारीक करायचं आणि मग ती जुनी, वापरलेली, गंजलेली दिसावी म्हणून रंगवायची. याचे म्हणे चाहते असतात, स्पर्धा असतात. तिनं पिशवीतून तळहाताएवढा एक ट्रक काढला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही चित्रकलेचे मास्तर ना? सांगा, माझा गंज खोटा का दिसतो?"

मी चष्मा पुसला. पोरीनं ट्रकभर तांबडा रंग सारखा शिंपडला होता, वरातीत गुलाल उधळतात तसा. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, आधी पाणी कुठं साचतं ते पाहा. गंज तिथं येतो. आणि जिथं रोज हात लागतो तिथं येत नाही. दाराच्या मुठीवर कशाला टाकलास? मूठ तर चकाकली पाहिजे." मग बोलतच गेलो. गंजाचे ओघळ नेहमी खालच्या बाजूला जातात, रंगाखाली आधी फोड येतो, तो फुटतो, मग कडा काळी पडते. ती मोबाईलवर लिहून घेत होती. लिहिता लिहिता थांबली. "तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"एकदा केला होता."

"खरंच? कुठं आहे? दाखवा ना!"

"नाही ठेवला," मी म्हणालो आणि चहा टाकायला सांगितला. दादाच्या नातीला दुसरं काय सांगणार होतो?

सन पन्नास ते साठच्या मधली ती सालं. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. दादा कारंजा ते मालेगाव सर्विस मोटार चालवायचा. कारंज्याच्या एका मालकाची मोटार, नाक पुढं आलेलं, बाजूला लाकडी फळ्या, टपावर कापसानं भरलेल्या बोंद्र्यांपासून बकरीपर्यंत काय वाट्टेल ते. शेलूबाजारला थांबे, किन्हीराजाला थांबे, आणि कोणी बाई शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हात हलवताना दिसली तर तिथंही थांबे. बायकांना तो नावानं ओळखायचा. मी मालेगावच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर, चोवीस वर्षांचा. राहायला दादाकडेच, तो, वहिनी, त्यांच्या दोन लहान मुली आणि मी. दादानं चौथीत शाळा सोडली होती. मला मात्र त्यानं अकोल्याला चित्रकलेच्या परीक्षांना बसवलं आणि दर वेळी मोटारीतून रंगाची पेटी आणून द्यायचा. "तू रंगव," म्हणायचा, "मी धूळ उडवतो." आपल्या मोटारीवर त्यानं माझ्याकडून पिवळा पट्टा मारून घेतला होता. रस्त्यावर मोटार दिसली की मला आधी तो पट्टा दिसायचा आणि छाती फुगायची. खोटं कशाला बोलू?

पोळ्यानंतर आठव्या-नवव्या दिवशी, दुपारी, किन्हीराजाच्या अलीकडे नाल्यावरच्या बसक्या, बिनकठड्याच्या रपट्यावरून ती मोटार खाली गेली. पाऊस नव्हता, रपट्यावर पाणी नव्हतं. लख्ख ऊन होतं. पुढचं नाक खडकावर आपटलं आणि मोटार कुशीवर झाली. सहा-सात जणांना लागलं. किन्हीराजाची एक म्हातारी, पदरात मुगाच्या शेंगा बांधून बसलेली, जागीच गेली. तिला थोडं पुढंच उतरायचं होतं.

दादाच्या कपाळाला टाके पडले. शुद्धीवर आल्यावर तो एकच वाक्य बोलला आणि पुढं सगळ्यांना तेच सांगत राहिला. "स्टेरिंग हातात फिरलं रे, चाकं नाई फिरले." म्हणजे स्टेरिंगपासून चाकाकडे जाणारा लोखंडी रॉड वाटेतच तुटला, असं त्याचं म्हणणं. पोलिसांचं म्हणणं, रॉड खडकावर आपटून तुटला. ड्रायव्हरनं हयगय केली. रॉड आधी तुटला की मोटार आधी पडली, एवढाच प्रश्न. त्यावर दादाचा तुरुंग ठरणार होता. वहिनी तेव्हापासून चुलीपुढं बसली की बसूनच राहायची, भाकरी करपायची.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल मारत नाल्यावर गेलो. कशाला गेलो, सांगता येत नाही. दुसऱ्या कोणी देवाला नारळ फोडला असता. मी वही घेऊन गेलो. मोटार सगळ्या बाजूंनी काढली. पोटाखाली शिरून रॉडही वहीत रेखाटला. तुटलेलं तोंड सबंध चमकत होतं, फोडलेल्या खडीसाखरेसारखं दाणेदार, करडं. मला ते फार सुंदर वाटलं. त्या खडकावर शेंगांची टरफलं पडली होती आणि मी लोखंडाच्या चकाकीला पेन्सिलीनं छटा देत होतो. आपण काय पाहतोय, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

पंचनामा झाला, मोटार उभी करून नाल्याकाठी ठेवली. मग हस्त नक्षत्रानं झोडपलं. पंधरा दिवसांत त्या हिरव्या रंगातून ठिकठिकाणी तांबडं डोकावू लागलं. आणि आमची माणसं! रस्त्याच्या कडेला बेवारस लोखंड दिसल्यावर त्यांना झोप येईल होय? एकानं साखळी नेली, एकानं दाराच्या बिजागऱ्या. एक दिवस पाहतो तर रॉडही नाही. गेला असेल कोणाच्या तरी औताला. पंचनाम्यात दोनच शब्द होते, 'रॉड तुटलेला'. कसा तुटला, तोंड कसं होतं, हे आता फक्त माझ्या वहीत होतं.

आमच्या वाशीमच्या वकिलांनी वही पाहिली. सज्जन माणूस, पानाचा शौकीन. पान जुळवत म्हणाले, "मास्तर, कोर्टातल्या साहेबांना कागदावरचं कळणार नाही. तुम्ही लहान मोटार करून आणा. फुटाला एक इंच धरा. जशी पडली तशी, गंजासकट. पोटाखालचा रॉड दिसला पाहिजे." मग चुना लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुटल्या जागी गंज जुना होता की लोखंड ताजं होतं, हे आता तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही." बस्स. यापेक्षा जास्त ते एक अक्षर बोलले नाहीत. मी म्हणालो, करतो.

सुपडाजीची गोष्ट इथं सुरू होते, म्हणजे माझी लाज वाटण्याची गोष्ट. सुपडाजी मिस्त्री कारंज्याला त्याच मालकाच्या शेडमध्ये मोटारी दुरुस्त करायचा. साठीचा, काटकुळा, डोक्याला फडकं. दादाला मोटार शिकवली ती त्यानंच. मोटार सुटायच्या आधी तिच्या पोटाखालून हात फिरवायचा हा त्याचा नेम होता, आणि लोक त्याला हसायचे की हा म्हातारा मोटारीला म्हशीसारखा खरारा करतो. मी आश्विनातल्या एका रविवारी पहिला गंज चढवलेला पत्र्याचा तुकडा घेऊन त्याच्याकडे गेलो. घरात भिंती सारवायला आणलेला गेरू होता, तोच डिंकात कालवून मारला होता. सुपडाजीनं तुकडा उन्हात धरला आणि असा खदखदून हसला की खोकला लागला.

"अरे बाप्पा! मास्तर, हे तं तुयशीचं वृंदावन झालं! आता दिवा लावा अन् नमस्कार करा!"

मग त्यानं मला शेडच्या मागं नेलं. तिथं जुने मडगार्ड, डबे, चाकांच्या कड्या, सगळं पावसात पडलेलं. एकेका तुकड्यापाशी उकिडवा बसून तो मला दाखवू लागला. मी शाळेत पोरांना पानाच्या शिरा दाखवतो तसा. "हे पाहा, हा नवा. हयदीवानी पिवया. बोट फिरवा. लागला का बोटाले? अन् हा दोन पावसाचा. बोटाले नाई लागत, नखानं उकरा. नखात काया कीस येते, हाय का नाई? नवा गंज बोटाले लागते, जुना नखाले." माझं बोट त्यानं स्वतः धरून फिरवलं. त्याचा हात भाकरीच्या तव्यासारखा खरखरीत आणि गरम होता.

मी चार रविवार गेलो. तो कंटाळला नाही. मी दादाची मोटार करून राहिलोय एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि तेवढ्यानंच तो खुश होता. "गुनाचं पोरगं हाय दादा. बनवा, चांगली बनवा. मी कोर्टात सांगून आलो ना, मोटार साफ होती म्हनून. थ्या दिवशी मोटार सुटायच्या आधी रॉडवरून माह्या हात फिरला होता." आपल्या या साक्षीनं दादाचं नुकसान होतंय, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. मोटार चांगली होती असं सांगणं म्हणजे दादाचं भलं करणं, असं त्याला वाटत होतं. खरं सांगितलं की सगळ्यांचंच बरं होतं असं मानणारी माणसं होती तेव्हा.

तिसऱ्या रविवारी त्यानंच, न विचारता, सांगून टाकलं. आम्ही चहा घेत होतो. "रॉड काही एकदम नाई मोडत, मास्तर. आधी चीर जाते. चिरीत पानी जाते, काया गंज बसते. मंग उरलेलं एका दिवशी मोडते, थे चमकते. मोडलेलं तोंड पाह्यलं की मी सांगून देतो कवाचं मोडलं."

मी कप खाली ठेवला. "आणि सगळंच तोंड चमकत असलं तर?"

"मंग साबूत होता. ठोकर लागून मोडला." बशीतल्या चहावर त्यानं फुंकर मारली. "काहून?"

"सहज."

शेडच्या पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या, त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. म्हणजे रॉड धड होता. मोटार आधी गेली, मग रॉड तुटला. लख्ख उन्हात, कोरड्या रपट्यावरून. दादाला काय झालं होतं? डोळा लागला, की मागं वळून कोणाशी बोलत होता? मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

त्या आश्विनात आमचं घर म्हणजे गंजाचा कारखाना झालं होतं. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून मोटारीचं अंग केलं. चाकं सुतारानं दिली, तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात त्या लाकडी नंदीच्या गाड्याची. लोहाराच्या कानशीखालचा लोखंडाचा कीस पुडीत बांधून आणायचा, चिंचेच्या पाण्यात मीठ टाकून भिजत घालायचा, दोन दिवस भादव्याला लाजवील अशा आश्विनाच्या उन्हात ठेवायचा. मडक्यात खराखुरा गंज तयार व्हायचा. बाभळीचा डिंक लावून त्यावर तो चिमटीनं बसवायचा. नव्या गंजाला थोडी हळद, जुन्याला पानातला कात आणि दिव्याची काजळी. वहिनी चिंच कोळून द्यायची. भाजीला चिंच उरायची नाही आणि तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. "भाऊजी," ती विचारायची, "होईन ना याच्यानं काही?" मी मान डोलवायचो. मुली पडवीत मोटारीभोवती बसून राहायच्या आणि हात लावू नका म्हटलं की मागं हात बांधायच्या.

दाराच्या मुठीवर मी गंज आणला नाही. दादाचा पाय घासायचा ती पायरी चकचकीत ठेवली. माझा पिवळा पट्टा घातला, आणि त्याच्या खालून एक फोड वर आणला. शेवटी रॉड राहिला. मापाप्रमाणे केला असता तर सुईएवढा झाला असता, कोणाला दिसला नसता. म्हणून जाड केला. पहिली लबाडी ती. त्याचं तुटलेलं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. खारीच्या केसांचा कुंचला घेतला आणि त्या दाण्याच्या अर्ध्या भागावर कात, काजळी आणि मडक्यातला गंज बसवला. नखात येईल असा, थरावर थर. उरलेला अर्धा करडा, चमकता. अगदी सुपडाजीनं सांगितलं होतं तसं.

आता खरं तेच सांगतो. ते करताना मला लाज वाटत नव्हती. दादा आठवत नव्हता, म्हातारी आठवत नव्हती. जमतंय की नाही एवढंच पाहत होतो. जमल्यावर मी उठून लांब उभा राहिलो, डोकं एका बाजूला कलतं केलं आणि स्वतःशीच म्हणालो, वा! आयुष्यात चित्रं पुष्कळ काढली, बक्षिसंही मिळाली, पण इतकं खरं माझ्या हातून दुसरं काही झालं नाही. पुढं कितीतरी वर्षं ही 'वा' माझ्या घशात अडकून होती.

दादाला मी ती दाखवली. तो उकिडवा बसला. पायरी पाहिली, मूठ पाहिली, हसला थोडासा. मग वाकून पोटाखाली पाहिलं आणि तिथंच थांबला. माझ्याकडे वर बघेल असं वाटलं. बघितलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि मागच्या दारानं बाहेर गेला. वहिनी मला म्हणाली, "त्यायले पाहवत नाई वं माय, किती खरी झाली! तुमचे हात सोन्याचे हायेत भाऊजी." तिनं माझ्या हातांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली.

कार्तिकात पुढची तारीख लागली. साहेबांनी भिंग मागवलं. साहेब त्या ज्वारीच्या दाण्याकडे भिंगातून बघतायत. मला शपथ दिली होती. "हे तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत?" "हो." "हा काळा भाग?" "होता." दोन शब्द. दादा सुटला. म्हातारीचा मुलगा मागच्या बाकावर बसला होता, डोक्याला उपरणं. निकाल ऐकून तो कोणाला तरी मालेगावची मोटार किती वाजता आहे असं विचारत बाहेर गेला.

सुटल्यावर पेढे वाटले नाहीत आम्ही. दादानं पुन्हा कधी स्टेरिंगला हात लावला नाही. मालक दुसरी मोटार द्यायला तयार होता, वहिनीनं मिनत्या केल्या. तो लोकांच्या शेतात राबला, कापूस वेचायला बायकांबरोबर गेला, पण मोटारीत चढला तो शेवटपर्यंत मागच्या बाकावरच. रस्त्यानं चालताना मागून मोटार आली की खाली उतरून पार धुऱ्यावर जाऊन उभा राहायचा. एका छपराखाली आम्ही पुढं वीस वर्षं काढली, एका ताटात जेवलो, पण त्या रॉडबद्दल दोघांनी चकार शब्द काढला नाही. गंज रंगाखालून येतो. वरून घर चांगलं दिसत होतं आमचं.

मालकाला कोणावर तरी खापर फोडायला हवं होतं. रॉड जुना चिरलेला होता असं कोर्टानंच धरलं म्हटल्यावर त्यानं सुपडाजीला शेडमधून काढून टाकलं. मला हे कळलं. कळूनही मी गेलो नाही. पुढं सुपडाजी कारंज्याला लेकीच्या दारात खाटेवर बसून असायचा, काही करायचा नाही. मी तीनदा त्या रस्त्यानं मोटारीतून गेलो. तीनदा खिडकीतून पाहिला. उतरलो नाही. चोराच्या मनात चांदणं. मोटार पुढं जाईपर्यंत मी शेजारच्या माणसाशी मोठमोठ्यानं हवापाण्याच्या गप्पा मारायचो. दोन-तीन वर्षांत तो गेला. तेही मला शाळेत, फळ्यावर आंब्याचं पान काढताना कोणीतरी सांगितलं. मी पान पूर्ण केलं.

पण त्या आधी तो एकदा आला होता. पौष लागला होता, सकाळचं कोवळं ऊन होतं. वकिलांकडून मोटार परत आली होती आणि मुलींनी कोनाड्यात ठेवली होती. सुपडाजी कारंज्याहून एवढ्यासाठी आला. आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्या झपझप चढला, जोडे काढले आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मास्तर, थे मोटार पाहू द्या मले. लोक म्हनतेत मी देवाची शपथ घेऊन खोटं बोललो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी कदाचित सगळं ओकलो असतो. तो घाबरलेला होता, पाय चुकून देवाला लागल्यावर माणूस घाबरतो तसा.

मी मोटार काढून उन्हात ठेवली. त्यानं आधी सबंध पाहिली, पिवळ्या पट्ट्याखालचा फोड पाहून "वा रे मास्तर" म्हणाला. मग आडवी केली. रॉडचं तोंड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. बोट फिरवून पाहिलं, बोट कोरडं. नखानं हलकेच उकरलं. नखात आलेला काळा कीस उन्हात धरून तो किती वेळ बसला होता कोणास ठाऊक. आत माजघरात दादा होता. त्याच्या खोकल्याचा आवाज मध्येच थांबला, म्हणजे तो ऐकत होता.

"जुना हाय," सुपडाजी म्हणाला. "दोन पावसाचा तरी." मग माझ्याकडे पाहिलं. "तुमी सोताच्या डोयानं पाह्यलं होतं, मास्तर? असाच होता?"

एवढं सरळ मला आयुष्यात कोणी विचारलं नाही, कोर्टानंही नाही. आत दादा, स्वयंपाकघराच्या दारात वहिनी, तिच्या पदराला धरून दोन्ही मुली. मी म्हणालो, "असाच होता."

त्यानं मान हलवली. हळूहळू, बराच वेळ. मोटार दोन्ही हातांनी उचलून कोनाड्यात परत ठेवली, जपून.

"मंग माह्येच डोये गेले. हात फिरवला होता म्यां त्याच्यावर. साफ लागला होता. आता हाताचाबी भरवसा नाई राह्यला." उंबऱ्यापाशी जाऊन थांबला. "म्हनजे थे किन्हीराजाची म्हातारी माह्याच हातानं गेली म्हना ना. आता पान्या-हातोड्याले हात नाई लावत मी, मास्तर. आनखी कोनी मरन."

वहिनी म्हणाली, "चहा घ्या ना बाबा." त्यानं ऐकलं नाही. बाहेर ओट्याच्या कडेला आला आणि पाय पुढं करून चाचपू लागला. पहिली पायरी त्याच्या समोर होती, तिच्यावर लख्ख ऊन पडलं होतं. तो ती शोधत होता. मग एक हात हवेत माझ्याकडे पसरला आणि म्हणाला, "हात द्या मास्तर. मले उतराचं नाई दिसत."

त्याच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. मी हात दिला आणि एकेक पायरी सांगत त्याला खाली उतरवलं.